जुन्या सुती साडीचे पडदे घरी शिवताना: कात्रीच्या आधीचं आणि नंतरचं

साडीचा पडदा बिघडला की दोष मशीनला जातो, नाहीतर शिवणाऱ्याच्या हाताला. पण मी आजवर जे बिघडलेले पडदे उसवून पुन्हा शिवले, त्यांत वाकडी टीप हे कारण असलेला एखादाच निघाला. बाकीचे कापायला घेण्याआधीच बिघडले होते. कुणी खिडकी मोजली, पण रॉड कुठे येणार ते ठरवलंच नव्हतं. कुणी जुन्या साडीला कोरं, न धुतलेलं अस्तर लावलं होतं. एका पडद्यावर तर सगळे मोर आडवे झोपलेले होते. म्हणून या लेखात तयारीच जास्त आहे आणि शिवण तिच्यामागून येते.

उदाहरण म्हणून फ्लॅटमधली चार फूट बाय चार फूट सरकती खिडकी आणि एक सहावारी सुती साडी धरली आहे. तुमची खिडकी वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम मात्र बदलू नका.

सामान फारसं लागत नाही. साडी, अस्तरासाठी मांजरपाट, टेप, खडू, टाचण्या, बऱ्यापैकी धारेची कात्री, साडीच्या रंगाचा सुती दोरा, इस्त्री आणि मशीन. पायमशीन असली तरी उत्तम. टेप शिवणाचीच घ्या आणि शेवटपर्यंत तीच वापरा. खिडकी सुताराच्या लोखंडी टेपने आणि कापड घरातल्या जुन्या, ताणल्या गेलेल्या टेपने मोजलं, तर पाच फुटांत अर्ध्या इंचाचा फरक सहज पडतो.

## टप्पा १: साडी उजेडात धरा

पडद्याला सुती साडी घ्या. जुनी रेशमी साडी कितीही जीव की प्राण असली तरी उन्हाच्या खिडकीत टांगू नका. रेशीम उन्हाने आतून कुजतं, आणि जरीच्या काठाजवळ ते आधी फाटतं. जॉर्जेट आणि नायलॉन सुळसुळीत असतात, पहिल्याच पडद्याला ते कापड हाताळता येत नाही.

साडी खिडकीसमोर उलगडून उजेडाविरुद्ध धरा. विरलेली जागा लगेच कळते. चार ठिकाणी मुद्दाम पाहा:

- घडीच्या रेघा. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर कपाटात राहिली असेल, तर ती आधी तिथेच उसवते.
- कमरेला खोचायची वरची कड.
- जमिनीला घासणारा खालचा काठ.
- पदराचा खांद्यावर येणारा भाग. तिथे पिनेची भोकं असतात.

संशयाच्या जागी कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणा. चर्रर्र आवाज आला तर तो भाग पडद्यात घेऊ नका. आता आवाज आला तर निदान मेहनत तरी वाचते.

मग फॉल आणि पिको उसवा. फॉल राहू दिला तर साडीचा तेवढाच भाग जड होतो आणि पडदा एका बाजूने ओढल्यासारखा लोंबतो. फॉलखालचं कापड बाकीच्या साडीपेक्षा गडद निघालं तर दचकू नका. ती कड खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीकडे घेता येते.

आडवे मोर. ही गोष्ट शिवणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. साडीच्या अंगावरच्या बुट्ट्या नेसल्यावर सरळ दिसाव्यात अशा विणलेल्या असतात, म्हणजे त्यांचं डोकं एका काठाकडे आणि पाय दुसऱ्या काठाकडे असतात. पडद्यासाठी साडीचे लांबीवर तुकडे केले की काठ उभे होतात आणि बुट्ट्या आडव्या पडतात. गोल ठिपके, चौकडी, पट्टे किंवा साधं अंग असेल तर काहीच बिघडत नाही. कोयरीही एक वेळ चालून जाते. हत्ती, मोर आणि पोपट मात्र चालत नाहीत. तशी साडी असेल तर ती आडवी वापरा. त्याबद्दल तिसऱ्या टप्प्यात सांगते.

## टप्पा २: आधी रॉड, मग माप

पडद्याचं माप खिडकीवरून निघत नाही, रॉडवरून निघतं. रॉड भिंतीवर लागलेला नसेल तर कापडाला हातही लावू नका.

रॉड खिडकीच्या वरच्या कडेपासून साधारण पाच इंच वर आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर ठेवा. चार फुटी खिडकीला मग पाच फुटी, म्हणजे ६० इंचांचा रॉड लागतो. बाजूला जागा सोडायची कारण पडदा उघडला की त्याचा गठ्ठा काचेवर न येता भिंतीसमोर राहतो. खिडकीच्या मापाचाच रॉड लावला तर दिवसभर दोन्हीकडून सहा-सात इंच उजेड अडतो, आणि मग घरात अंधार आहे म्हणून पडद्यालाच बोल लावला जातो.

खिडकीच्या वर बहुतेक घरांत काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतो. साध्या ड्रिलने तिथे नुसता प्लास्टर उडतो. हॅमर ड्रिल घ्या, सहा मिलिमीटरचं भोक पाडा, स्क्रू धरून ठेवणारी गट्टी ठोका आणि मग स्क्रू. रॉड पाच-सहा फुटांहून लांब असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट लावा.

> इशारा: खिडकीजवळ एसीचा किंवा दिव्याचा पॉइंट असेल तर त्याच्या सरळ वर, सरळ खाली किंवा रेघेत आडवं भोक पाडू नका. भिंतीच्या आतल्या वायरी बहुतेक त्याच रेघेत गेलेल्या असतात.

ब्रॅकेट भिंतीपासून किती पुढे येतो तेही पाहा. खिडकीखालची कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी आत आलेली असेल, तर रॉड तिच्याहून पुढे हवा. नाहीतर पडदा त्या कडेवर घासतो आणि वर्षभरात त्याच आडव्या रेघेवर फाटतो. जुन्या घरांत, कोकणात विशेषतः, आत उघडणारी लाकडी झडपं असतात. तिथे झडप पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय रॉडची खूण करू नका. खिडकीचा फक्त खालचा अर्धा भाग झाकायचा असेल, तर झडपांच्या आत गजांसमोर प्लास्टिकच्या आवरणाची स्प्रिंगची तार पुरते. मात्र त्या तारेवर अस्तराचा पडदा टांगू नका. तारेला मध्ये पोट येतं आणि पडद्याची खालची रेघही तशीच वाकते.

स्वयंपाकघरातली खिडकी गॅसच्या शेगडीमागे किंवा अगदी शेजारी असेल तर तिथे लोंबता पडदा नकोच. उघडी खिडकी आणि वारा असला की पडद्याचं टोक कुठे पोचतं ते कुणाच्या हातात नसतं.

रॉड लागला की माप घ्या. रॉडच्या वरच्या कडेपासून पडदा जिथपर्यंत यायला हवा तिथपर्यंत. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, तिन्ही ठिकाणी. भिंती आणि खिडक्या दिसतात तितक्या सरळ नसतात. तीन मापांत फरक निघाला तर मधलं माप धरा. आपल्या उदाहरणात रॉड पाच इंच वर, खिडकी ४८ इंच आणि चौकटीखाली सात इंच, असं मिळून ६० इंच झालं.

## टप्पा ३: कागदावरचा हिशेब

सहा वार म्हणजे २१६ इंच. ब्लाउजपीस कापून नेलेल्या सहावारीत साधारण तेवढीच लांबी उरते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुतेक ४४-४५ इंच असतो. तुमची साडी प्रत्यक्ष मोजा. जुन्या साड्या धुवून धुवून आखडलेल्या असतात, आणि काही पाचवारीच निघतात. त्यांत १८० इंचच मिळतात.

२१६ इंचांचे तीन तुकडे केले की प्रत्येकी ७२ इंच. एका तुकड्याला लागतं किती?

- पडद्याची तयार लांबी: ६० इंच, अधिक रॉडच्या वर दिसणारी एक इंचाची झालर. एकूण ६१.
- वरच्या नेफ्यासाठी, म्हणजे रॉड ओवायच्या वाटेसाठी, मागे वळवायचं कापड: झालरीचा १ इंच, नेफ्याचे २ इंच, आत दुमडायला अर्धा इंच. एकूण साडेतीन.
- खालच्या दुमडीसाठी: चार इंच आणि आत वळवायला अर्धा. एकूण साडेचार.

बेरीज ६९. हाताशी तीन इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, राहते. ही माया कापून टाकू नका, आठव्या टप्प्यात ती लागणार आहे.

आता रुंदी. सुती पडदा रॉडच्या दुप्पट रुंद असला तर चुण्या नीट पडतात. दोनच तुकडे लावले तर ९० इंच कापड ६० इंचांच्या रॉडवर येतं, म्हणजे दीडपट. अस्तर असेल तर ते चालतं, नाहीतर पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. तीन तुकड्यांत सव्वादोन पट होतं. माझं मत तिन्ही वापरावेत असंच आहे. कापड वाचवायला पडदा अरुंद केला तर चुण्यांमुळे येणारं त्याचं रूपच जातं.

पण पडदे दोन आणि तुकडे तीन. इथे लोक तिसरा तुकडा एकाच पडद्याला जोडून मोकळे होतात. त्याऐवजी पदराचा तुकडा उभा, मधोमध कापा. मग प्रत्येक पडद्याला दीड तुकडा येतो, पदराची नक्षी दोन्ही पडद्यांच्या बाहेरच्या कडेला खाली सारखी बसते, आणि अर्ध्या तुकड्याचा एकुलता एक काठ बाहेरच्या बाजूला जातो. इरकलीचा लाल-पांढरा पदर असा वाटला गेला तर खिडकीला जणू चौकट मिळते.

साडीचे दोन्ही काठ एकाच रुंदीचे आहेत ना, ते पाहा. एक काठ मोठा आणि एक लहान असेल, तर दोन्ही पूर्ण तुकड्यांत मोठा काठ एकाच बाजूला येईल. साध्या अंगाची किंवा चौकडीची साडी असेल तर एक तुकडा उलटा फिरवून घेता येतो.

साडी आडवी वापरायची असेल तर: पन्हा हीच पडद्याची उंची होते. ४५ इंचांतून झालर आणि नेफा वजा करून रॉडखाली साधारण ४० इंच हातात राहतात. लहान खिडकीला, न्हाणीघराला किंवा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला ते पुरतं. बुट्ट्या सरळ दिसतात, आणि खालचा काठ तयारच असल्याने दुमडही घालावी लागत नाही. पहिलाच पडदा शिवणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी. काम एका दुपारचं आहे.

नऊवारी असेल तर ३२४ इंच मिळतात. ७२ इंचांचे चार तुकडे निघतात, प्रत्येक पडद्याला दोन, आणि वर तीन फूट कापड उरतं. जमिनीपर्यंतचे सात फुटी पडदे करायचे असतील तर एका तुकड्याला साधारण ९४ इंच लागतात. सहावारीतून असे दोन आणि नऊवारीतून तीन निघतात.

## टप्पा ४: धुवा. अस्तरसुद्धा.

हा टप्पा गाळणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि मीही त्यांच्यातलीच होते. माझ्या पहिल्या पडद्याला मी दुकानातून आणलेलं मांजरपाट तसंच लावलं. पहिल्या धुण्यात साडी होती तशी राहिली, अस्तर दोन-अडीच इंच आखडलं, आणि पडदा आतून ओढल्यासारखा गोळा झाला.

साडी पंधरा-वीस वर्षं धुतली गेलेली असते, ती आणखी आखडत नाही. कोरं सुती कापड मात्र शंभराला तीन ते पाच सहज आखडतं. साठ इंचांत पाचाच्या हिशेबाने तीन इंच होतात. मांजरपाटाला खळही असते. ती निघाली की कापड मऊ पडतं, आणि पडद्याला मऊ अस्तरच हवं.

४४ इंच पन्ह्याचं मांजरपाट साडेपाच मीटर घ्या. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. शक्य असेल तर पुन्हा एकदा तसंच करा.

साडीचा रंग जातो का ते आधी बघा. काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. फडक्याला रंग लागला तर ती साडी पांढऱ्या अस्तरासोबत नको. मिठाच्या पाण्यात बुडवली की रंग पक्का होतो, यावर फार भिस्त ठेवू नका. तशा साडीचा अस्तराशिवायचा पडदा करा आणि तो कायम वेगळा धुवा.

साडीला खळ घालू नका. खळीच्या कापडाच्या चुण्या ताठ उभ्या राहतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत खळीवर बुरशी लवकर धरते.

कापड किंचित दमट असतानाच इस्त्री करा. जरीचा काठ बाकीच्या कापडापेक्षा घट्ट असतो, त्यामुळे काठाजवळ सुरकुत्या राहतात. काठावर पातळ ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबा, घासू नका.

## टप्पा ५: कापणं

कात्री लावण्याआधी:

- रॉड भिंतीवर आहे?
- साडी आणि अस्तर दोन्ही धुवून, इस्त्री करून झालं?
- तुकड्यांचा हिशेब कागदावर आहे?
- इस्त्रीनंतर साडीची लांबी पुन्हा मोजली?

एकाचं जरी उत्तर नाही असेल, तर कात्री परत डब्यात.

आडवी रेघ खडूने आखू नका, धागा ओढा. काठापाशी जिथे कापायचं तिथे अर्ध्या इंचाची छोटी चीर द्या, एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढत न्या. धागा निघाला की कापडात बारीक सरळ वाट दिसते, तिच्यावरून कापा. धागा तुटला तर जिथे तुटला तिथून त्याच ओळीतला पुन्हा उचला. पट्टी लावून कापलेला तुकडा डोळ्याला सरळ वाटतो, पण धाग्याला तिरका गेलेला असतो. तो टांगल्यावर एका बाजूने खाली येतो, आणि शिवून झाल्यावर त्याला काही इलाज नसतो.

नवीन कापड टर्रकन फाडतात तशी जुनी साडी फाडू नका. ती वाटेत विरलेली जागा शोधते आणि तिकडेच वळते.

प्रत्येक तुकड्याला वरच्या टोकाशी कागदाची चिठ्ठी टाचा: "डावा, वर", "उजवा, वर", "पदर". पदराचं टोक खाली येणार, म्हणून सगळ्या तुकड्यांची पदराकडची बाजू खालीच ठेवा. मगच पदराचा तुकडा उभा दुमडून मधोमध कापा.

अस्तराचे ६४ इंचांचे तीन तुकडे करा. त्यातलाही एक उभा मधोमध.

## टप्पा ६: जोड

आधी मशीन. नेहमीच्या सुती साडीला १४ नंबरची सुई, मलमलीसारख्या तलम साडीला ११. सुई नवी घाला. बोथट सुई जुन्या कापडाचे धागे बाजूला सारण्याऐवजी तोडत जाते. टीप जरा लांब ठेवा, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टिपेने जुनं कापड वहीच्या भोकं पाडलेल्या पानासारखं होतं आणि त्याच रेघेवर सुटतं. साडीच्याच कपट्यावर दुहेरी घडी घालून एक टीप मारून पाहा. कापड गोळा होत असेल तर दोऱ्याचा ताण कमी करा.

पूर्ण तुकडा आणि पदराचा अर्धा तुकडा जमिनीवर शेजारी शेजारी पसरा. पूर्ण तुकड्याचा काठ अर्ध्या तुकड्याच्या कापलेल्या कडेवर पाऊण इंच चढवा. कापलेली कड पाव इंच आत दुमडा, टाचण्या लावा आणि काठावरून दोन समांतर टिपा मारा. जोड काठाखाली लपतो आणि पडद्याच्या मधोमध एक उभा काठ आल्यासारखा दिसतो. ज्यांना कळतं त्यांनाही तो जोड वाटत नाही.

दोन्ही टिपा वरून खालीच मारा. एक वरून आणि दुसरी खालून मारली की वरचं कापड एकदा इकडे, एकदा तिकडे सरकतं आणि जोडावर तिरक्या सुरकुत्या पडतात. मशीनचा दाबपाय वरच्या कापडाला थोडं पुढे ढकलतोच. टाचण्या चार-चार इंचांवर लावल्या तर तेवढं सांभाळलं जातं.

मशीन नसेल तर हाताने दोन रांगांत धावदोरा घाला आणि दर तीन-चार इंचांनी एक टाका मागे घ्या. वेळ लागतो, पण पडद्यावर ओढ फारशी नसते, त्यामुळे हातशिलाई टिकते.

बाहेरच्या दोन्ही कडांना काठ आहेत, म्हणून त्यांना दुमड नको. काठ दुमडला की कडा जाड होतात आणि पडदा कडेने पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

अस्तराचेही दीड-दीड तुकडे जोडा आणि बाजूच्या कडा अर्धा इंच दोनदा वळवून शिवा. अस्तर साडीपेक्षा दोन्हीकडून दोन-तीन इंच आत राहिलं पाहिजे. सकाळी उजेड आला की तेवढा काठ वेगळाच उजळतो.

## टप्पा ७: वरची बाजू

नेफा की रिंगा? पडदा क्वचितच सरकवायचा असेल तर नेफा. रोज सकाळ-संध्याकाळ उघडमिट असेल तर रिंगा, कारण नेफा रॉडवर अडकत सरकतो आणि रोजच्या ओढाओढीत जुनी साडी तिथेच फाटते.

नेफा: वरून अर्धा इंच, मग तीन इंच मागे वळवा आणि इस्त्री करा. अस्तराची वरची कड या घडीखाली अर्धा इंच सरकवून टाचा. पहिली टीप घडीच्या खालच्या कडेला येते, तिच्यात अस्तर पकडलं जातं. दुसरी टीप वरून एक इंचावर. दोन टिपांमधली दोन इंचांची वाट हा नेफा. टिपेच्या दोन्ही टोकांना मागे-पुढे मारून ती पक्की करा, उसवायला सुरुवात तिथूनच होते.

दुसरी टीप घालण्याआधी नेफा टाचून त्यात रॉड घालून पाहा. एक इंची रॉडला दोन इंचांचा नेफा बेताचा होतो. रॉडच्या टोकाचा गोळा मोठा असेल तर तो काढून पडदा ओवावा लागेल, तो निघतो ना ते आत्ताच तपासा.

अस्तर फक्त वर शिवायचं. बाजूंनी ते मोकळं राहू द्या. धुतल्यावर अस्तर आणखी थोडं आखडलं तरी साडीला ओढत नाही. वाऱ्याने वेगळं उडू नये म्हणून बाजूंना दोन-तीन ठिकाणी इंचभर लांबीचे दोऱ्याचे सैल फास घाला.

रिंगा: वर चार इंची बकरम, म्हणजे आत घालायचं कडक कापड, लागतं. त्यासाठी अर्धा आणि चार असं साडेचार इंच मागे वळवा. एकूण कापड ७० इंच लागेल, म्हणजे आपल्या ७२ मध्ये बसतं. जोडलेला पडदा साधारण ६७ इंच रुंद होतो. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोडून मध्ये बारा रिंगा बसवा, अंतर पावणेसहा इंचांच्या आसपास येतं.

> इशारा: रिंगांची संख्या समच हवी. विषम झाली की पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. भोकं पाडून झाल्यावर हे लक्षात आलं तर उपाय नाही.

रिंगेचं आतलं तोंड रॉडपेक्षा किमान अर्धा इंच मोठं घ्या. भोक रिंगेच्या पाकिटावरच्या नमुन्याप्रमाणे आखा आणि कणभर लहानच कापा. मोठं कापलं तर रिंग कापडातून सुटते.

## टप्पा ८: टांगा आणि दोन दिवस विसरून जा

खालची दुमड अजून घातलेली नाही ना? मग पडदा तसाच टांगा.

सुती कापड स्वतःच्या वजनाने थोडं खाली येतं आणि सगळीकडे सारखं येत नाही. काठ आणि अंग वेगळ्या ताणाचे असतात, जोडाजवळची चाल आणखी वेगळी. आधी दुमड घातलेला पडदा दोन दिवसांनी खालून लाटेसारखा दिसतो, आणि मग घरात रॉड तिरका लागला की पडदा, यावर वाद होतो.

दोन दिवसांनी चुण्या सारख्या करा आणि शेवटचं माप भिंतीवरूनच घ्या. चौकटीखाली सात इंचांवर पेन्सिलने बारीक खुणा करा आणि त्यांना जुळवून पडद्यावर टाचण्या लावत जा. जमिनीपर्यंतचा पडदा असेल तर फरशीपासून एक इंच वर थांबा. फरशीला टेकलेला पडदा रोज पोछ्याचं पाणी पितो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या कडेला काळे ठिपके दिसायला लागतात.

तीन इंचांची जी माया ठेवली होती, ती इथे कामाला येते.

## टप्पा ९: खालची दुमड

पडदा उतरवा. टाचण्यांची रेघ ही तयार कड. तिच्याखाली साडेचार इंच ठेवा, जास्तीचं कापा. अर्धा इंच आत, मग चार इंच वर वळवा, इस्त्री करा. चार इंच ऐकायला जास्त वाटतात, पण साडी हलकी असते आणि त्या दुमडीच्या वजनानेच पडदा सरळ लोंबतो. पदराच्या बाजूला नक्षी दुमडीत जाऊन तिचा तुकडा पडत असेल तर तेवढ्या भागात दुमड दोन इंचांची करा. खालची रेघ तीच राहिली पाहिजे.

दुमड हाताने शिवली तर समोरून टीप दिसत नाही. एकेक धागा उचलत जायचं. मला हे काम रेडिओ लावून करायला आवडतं. घाईत असाल तर मशीनही चालेल.

अस्तराची दुमड वेगळी घाला आणि ती पडद्यापेक्षा दीड इंच वर राहील अशी. अस्तर खाली डोकावलं की पडदा परकरासारखा दिसतो.

## उरलेले कपटे

पडदा बांधायचे पट्टे उरलेल्या काठाचे करावेत. नऊवारीतून तीन फूट कापड उरलं असेल तर तेवढ्यात दोन पट्टे होतात. सहावारीत फारसं उरत नाही. मग खणाचा तुकडा घ्या, पण तो आधी वेगळा धुवा, गडद खण रंग सोडतो. पट्टा चार इंच रुंद आणि दोन फूट लांब, आत बकरम, टोकांना दोऱ्याचे फास, भिंतीवर हुक. हुक चौकटीच्या खालच्या कडेपासून खिडकीच्या एक तृतीयांश उंचीवर लावा. पट्टा शिवण्याआधी पडदा दोरीने बांधून बघा. अस्तराच्या पडद्याला बहुतेक दोन-तीन इंच जास्त लागतात. घरात लहान मूल असेल तर लोंबत्या दोऱ्या आणि लांब नाड्या ठेवू नका. पट्टा आखूड आणि भिंतीवर उंच, तिथे कुणाची मान पोचत नाही.

साडीत एखादी विरलेली जागा निघाली आणि तिच्यासाठी अख्खा तुकडा टाकून द्यायला जीव होत नसेल, तर मागून साडीच्याच कपट्याचं ठिगळ लावा आणि गोधडीसारखा जवळ जवळ धावदोरा घाला. मग तसंच एखादं ठिगळ दुसऱ्या पडद्यावरही, जिथे गरज नाही तिथे, म्हणजे ते मुद्दाम लावल्यासारखं दिसतं.

पडदा धुताना रिंगा किंवा रॉड काढा, थंड पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, आणि ओला असतानाच रॉडवर टांगा. खाली फरशीवर जुनी चादर अंथरायला विसरू नका. खिडकी उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत पडदा वाळतो आणि इस्त्रीची गरज उरत नाही.